कॅथे कोलविट्झ : भाषण न करणारी बंडखोर

चळवळ म्हटली की डोळ्यांसमोर प्रथम व्यासपीठ उभे राहते. माईक, निळे झेंडे, घोषणा आणि दीड-दोन तास सभा खिळवून ठेवणारा वक्ता. हे साहजिकच आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे तोंड उघडू दिले गेले नाही, त्याला बोलणाऱ्याचे मोल कळते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पहिल्या पत्राचे नावच मुळी 'मूकनायक' होते. परंतु आपल्या प्रत्येक वस्तीत दोन-चार मुले-मुली अशी असतात की, त्यांना माईकसमोर उभे केले तर घाम फुटतो. ती वाचणारी असतात, अन्याय पाहून आतून पेटलेली असतात, पण चारचौघांत त्यांचे तोंड उघडत नाही. अशांना आपण काय काम देतो? सतरंज्या घाला, खुर्च्या मांडा आणि जयंती आली की फलक रंगवा. फलक रंगवणे हे सर्वांत दुय्यम काम, असे आपण गृहीतच धरले आहे. ते तसे नाही. म्हणून आज आम्ही एका जर्मन चित्रकर्तीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिचे नाव कॅथे कोलविट्झ. आयुष्यभर अबोल राहिलेल्या या बाईला एक सम्राट, एक सम्राज्ञी आणि शेवटी हिटलरची राजवट असे तिघेही घाबरले. तिच्या हातात होती फक्त काळी पेन्सिल.

कॅथेचा जन्म ८ जुलै १८६७ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग शहरात झाला. (हे शहर आज रशियात असून कालिनिनग्राद या नावाने ओळखले जाते.) आईचे वडील ज्युलियस रुप हे धर्मगुरू होते. सरकारी चर्चशी त्यांचे पटले नाही, चर्चने त्यांना बाहेर काढले, तेव्हा त्यांनी स्वतःची मुक्त मंडळी स्थापन केली. वडील कायदा शिकलेले. पण आपली मते गुंडाळून प्रशियाच्या राजवटीत वकिली करायची नाही, म्हणून ते गवंडीकाम शिकले आणि घरे बांधू लागले. वकिली सोडून थापी हाती घेणारा हा बाप मोठा माणूस म्हटला पाहिजे. अबोल, रात्री भयस्वप्नांनी दचकून उठणाऱ्या या मुलीचा हात चित्रात चालतो, हे त्यानेच ओळखले आणि तिला शिकवणी लावली. त्या काळी बर्लिनच्या सरकारी कला अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता. बर्लिन आणि म्युनिक येथील स्त्रियांच्या वेगळ्या चित्रशाळांत ती शिकली. दरवाजा बंद असणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

१८९१ साली कार्ल कोलविट्झ या डॉक्टरशी त्यांचे लग्न झाले. कार्ल हे कामगारांच्या आजारपण विम्याचे डॉक्टर. उत्तर बर्लिनमधील कामगार वस्तीत त्यांनी घर आणि दवाखाना थाटला आणि जवळजवळ पन्नास वर्षे हे जोडपे त्याच घरात राहिले. दवाखान्यात येणाऱ्या बायका कॅथेशी बोलू लागल्या. नवऱ्याचे काम सुटलेले, पोर तापाने फणफणलेले, पुन्हा दिवस गेलेले, घरभाडे थकलेले. कॅथे फारसे बोलत नसत, ऐकत असत. आणि मग कागदावर ते उतरत असे.

इथे एक गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. कॅथेने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे की, सुरुवातीला त्यांनी कामगारांची चित्रे काढली ती कणव आली म्हणून नव्हे, तर ही माणसे त्यांना सुंदर वाटली म्हणून. मध्यमवर्गीयांच्या चेहऱ्यांत, हालचालींत त्यांना काही सापडत नव्हते. हमालाच्या खांद्यात आणि धुणे धुणाऱ्या बाईच्या हातांत सापडत होते. दुःखाची ओळख नंतर दवाखान्यात झाली. आमच्या मते हा क्रम लाखमोलाचा आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सवर्ण कलावंतांनी आमची चित्रे काढली, कथा लिहिल्या, त्या बहुतेक दयेपोटी. दयेच्या चित्रात शोषित माणूस नेहमी खाली बसलेला असतो आणि बघणारा उभा असतो. कॅथेच्या चित्रात बाई थकलेली आहे, भुकेली आहे, पण केविलवाणी नाही. तिचे हात पाहावेत. मोठे, राकट, हाडांचे हात. तसे हात आम्ही आमच्या आयांचे पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट साधनांची. तैलचित्र काढले की ते एका श्रीमंताच्या भिंतीवर जाते. कॅथेने तरुणपणीच रंग बाजूला ठेवले आणि छापाच्या चित्रांकडे वळल्या. धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरायचे, दगडी शिळेवर काढायचे, पुढे लाकडी ठोकळ्यावर खोदायचे आणि त्यावरून कागदावर पुष्कळ प्रती छापायच्या. रंग काळा, कागद पांढरा. प्रत स्वस्त.

१८९३ साली त्यांनी गेर्हार्ट हाउप्टमान यांचे विणकरांच्या उठावावरील नाटक पाहिले. सायलेशियातील उपाशी विणकरांनी १८४४ साली मालकांविरुद्ध केलेले हे बंड. पोलिसांनी जाहीर प्रयोगाला बंदी घातलेली, म्हणून खाजगी मंडळापुरता प्रयोग झाला. त्यानंतर चार वर्षे खपून कॅथेने सहा छोटी चित्रे केली. घरातली उपासमार, मूल मरणे, रात्रीची खलबते, मोर्चा, मालकाच्या फाटकावर दगड आणि शेवटी घरात आणून ठेवलेली प्रेते. १८९८ साली ही मालिका बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. अॅडॉल्फ मेन्झेलसारख्या मान्यवर चित्रकाराने तिला सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली. सम्राट दुसरा विल्हेल्म याने ते पदक नाकारले. १९०६ साली घरोघरी शिवणकाम करून पोट भरणाऱ्या कामगारांच्या स्थितीवर प्रदर्शन भरले. त्याचे भित्तीपत्रक कॅथेचे होते. त्यावर काय होते? घोषणा नाही, वळलेली मूठ नाही. फक्त एका दमलेल्या बाईचा चेहरा. सम्राज्ञीने कळवले की, हे पत्रक भिंतीवर असेपर्यंत आपण प्रदर्शनाला येणार नाही! १९१२ साली बर्लिनच्या कोंदट चाळींवर त्यांनी आणखी एक पत्रक केले. अंगणात खेळण्यास मनाई असल्याची पाटी आणि तिच्यासमोर उभी दोन मुले. हे पत्रक वर्गद्वेष पसरवते म्हणून पोलिसांनी बंद केले. ज्याला भाषण बंद करता येते, त्याला एका थकल्या चेहऱ्याचे काय करावे हे कळत नाही.

त्याच काळात, १९०२ ते १९०८ या वर्षांत, त्यांनी १५२४-२५ च्या जर्मन शेतकरी बंडावर सात चित्रे केली. आम्हाला त्यांच्या सर्व कामात ही मालिका सर्वांत जवळची वाटते. पहिल्या चित्रात दोन माणसे बैलांसारखी नांगराला जुंपलेली आहेत. त्यांची अंगे जमिनीला जवळजवळ टेकली आहेत. पुढे एका चित्रात बंडाची लाट उसळते आणि तिला हात उंचावून पुढे लोटणारी एक बाई आहे, काळी अॅना. पुढारी ही बाई आहे आणि ती आपल्याला पाठमोरी दिसते. चेहरा नाही. फक्त पाठ आणि वर गेलेले दोन हात. जे बोलत नाहीत, त्यांचे पुढारपण असे असते.

याच मालिकेत बलात्कार झालेल्या शेतकरी स्त्रीचे चित्र आहे. ती बागेतल्या तुडवलेल्या झाडोऱ्यात पडली आहे, तोंड सावलीत गेले आहे, आणि कुंपणामागून एक मूल डोकावते आहे. अत्याचार करणारा चित्रात नाही. बघणाऱ्याची चोरटी नजर सुखावेल असेही काही नाही. २००६ साली खैरलांजी घडल्यानंतर आणि त्यापुढच्या प्रत्येक अत्याचारानंतर आपल्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला की, जगाला दाखवायचे तर काय दाखवायचे? मृतदेहाचे छायाचित्र हातोहात फिरवले की संताप होतो हे खरे, पण त्या माऊलीची विटंबना पुन्हा एकदा होते, हेही खरेच. शंभर वर्षांपूर्वी या बाईने काय दाखवावे आणि काय झाकावे याचा जो विचार केला, तो आपल्या कार्यकर्त्यांनी अभ्यासण्यासारखा आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा. सैन्यात जाण्यासाठी त्याला वडिलांची संमती हवी होती. कार्ल तयार नव्हते. कॅथेने मुलाची बाजू घेतली आणि संमती मिळवून दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. देशभक्तीच्या ज्वरात आपणच पोराला पाठवले, हे त्या आईने पुढे कधीही स्वतःपासून लपवले नाही. मुलाचे स्मारक करायला घेतले. केले, मोडले, पुन्हा केले. अठरा वर्षे लागली. १९३२ साली बेल्जियममधील सैनिकांच्या दफनभूमीत ते उभे राहिले तेव्हा त्यात मुलगा नव्हताच. दोन वेगळ्या दगडांवर गुडघे टेकलेले आई आणि बाप. आईची मान खाली, बाप स्वतःलाच आवळून धरलेला. मधल्या काळात त्यांनी युद्धावर लाकडी ठशांची सात चित्रे केली होती. त्यांत तोफ नाही, शत्रू नाही, रणांगण नाही. विधवा आहेत, आयबाप आहेत, पोरांभोवती कडे करून उभ्या बायका आहेत.

१९१९ साली ज्या अकादमीच्या वर्गात मुलींना बसू दिले जात नव्हते, तिनेच त्यांना सभासदत्व आणि प्राध्यापकपद दिले. युद्ध हरलेल्या जर्मनीत तेव्हा नाणे कोसळत होते, मुले उपाशी होती. बाबासाहेबांनी याच काळात, १९२१ साली, बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा हा विद्यार्थी मार्कची धूळधाण होत असलेल्या देशात गेला होता. तिकडे बर्लिनमध्ये कॅथे रिकामे वाडगे वर करणाऱ्या पोरांचे चित्र शिळेवर काढीत होत्या. १९२४ साली युद्ध पुन्हा नको म्हणणारे त्यांचे प्रसिद्ध भित्तीपत्रक आले.

कुठल्याही पक्षाचे सभासदत्व त्यांनी घेतले नाही. १९१९ साली कार्ल लिब्क्नेख्त यांचा खून झाला, तेव्हा कुटुंबाच्या विनंतीवरून त्या शवागारात गेल्या, रेखाटने केली आणि त्यांतून शोक करणाऱ्या कामगारांचे चित्र उभे केले. लिब्क्नेख्त यांचे राजकारण त्यांना मान्य नव्हते. कामगारांचे दुःख मान्य होते. यावरून दोन्ही बाजूंनी टीका झाली. तुमचा कामगार फक्त सोसतो, लढत नाही, असे कम्युनिस्ट म्हणत. या टीकेत थोडे तथ्य आहे असे आम्हालाही वाटते. शेतकरी बंडाच्या मालिकेतील अॅना पुढच्या चित्रांत पुन्हा भेटत नाही. मुलाच्या मृत्यूनंतर त्यांचा बंडावरचा विश्वास उडाला होता आणि हे त्यांनी रोजनिशीत कबूल केले आहे.

पण वेळ आली तेव्हा त्या मागे हटल्या नाहीत. १९३३ साली हिटलरला रोखण्यासाठी दोन्ही कामगार पक्षांनी एक व्हावे, या जाहीर आवाहनावर त्यांनी सही केली. त्याबद्दल अकादमी सोडावी लागली. त्यांची चित्रे प्रदर्शनांतून उतरवण्यात आली. १९३६ साली गेस्टापोचे लोक घरी आले आणि छळछावणीची धमकी देऊन गेले. आपल्याकडचे दोन्ही गटांचे पुढारी ऐक्याच्या बैठकीत खुर्ची कोणाची यावर उठून जातात, तेव्हा आम्हाला ही सही आठवते. कॅथे देश सोडून गेल्या नाहीत. घरात बसून लहान लहान मूर्ती आणि चित्रे करीत राहिल्या. १९४० साली कार्ल गेले. १९४२ साली नातू, त्याचेही नाव पीटर, रशियात मारला गेला. त्याच वर्षीचे त्यांचे शेवटचे शिळाचित्र म्हणजे आपल्या हातांच्या तंबूखाली पोरांना दाबून धरलेली आई. पोरे बाहेर पडायला धडपडताहेत, पण ती सोडत नाही. १९४३ साली बाँबहल्ल्यात बर्लिनचे घर जळाले. युद्ध संपायला सोळा दिवस बाकी असताना, २२ एप्रिल १९४५ रोजी, मोरिट्झबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची चित्रे मात्र त्याआधीच दूर पोचली होती. १९३१ साली चीनमध्ये रौ शी या तरुण लेखकाला सरकारने गोळ्या घातल्या. त्याचे गुरू आणि मित्र लू शुन यांना त्यावर लिहिण्याची सोय नव्हती. त्यांनी एका मासिकात कॅथेचे एक चित्र छापले. आई आपले मूल दोन्ही हातांवर धरून पुढे करते आहे, एवढेच. ज्यांना कळायचे त्यांना कळले. त्याच वर्षी लू शुन यांनी शांघायमध्ये तरुणांसाठी लाकडी ठशांचा वर्ग भरवला. फळी, चाकू, शाई आणि कागद मागून घासायला चमचा असला तरी छाप उमटतो; यंत्र लागत नाही. त्यातून चीनमध्ये ठसेकारांची पिढीच उभी राहिली आणि त्यांचे ठसे १९४० च्या दशकात बंगालपर्यंत आले. सोमनाथ होर, चित्तप्रसाद हे त्याच वाटेवरचे. चित्तप्रसाद यांनी आपले भट्टाचार्य हे ब्राह्मणी आडनाव टाकून दिले होते. बंगालच्या दुष्काळावरील त्यांच्या पुस्तकाच्या प्रती इंग्रज सरकारने नष्ट केल्या आणि पुढे अनेक वर्षे हा माणूस आपल्या मुंबईत, अंधेरीला, एकटाच लिनोलियमवर खोदत राहिला. जात टाकणारा हा चित्रकार आपल्या कार्यकर्त्यांना माहीत नसावा, याचे आम्हाला वाईट वाटते.

आणि सरकारांचे म्हणाल, तर ती सगळीकडे सारखीच. १९९३ साली जर्मन सरकारने बर्लिनमध्ये युद्ध आणि जुलूम यांच्या बळींचे राष्ट्रीय स्मारक केले आणि तिथे कॅथेची मृत मुलाला मांडीवर घेतलेल्या आईची मूर्ती बसवली. मारणारे आणि मारले गेलेले एकाच मूर्तीखाली कसे, असा सवाल ज्यू समाजाने केला. तेव्हा कोणाकोणाची आठवण आहे हे सांगणारी पाटी दाराशी लावावी लागली. मूर्तीही मूळ मापाची नाही, चौपट वाढवलेली आहे. कॅथेने १९३७-३८ साली, प्रदर्शनाचे दरवाजे बंद झाल्यावर, घरात केलेली मूळ मूर्ती जेमतेम ३८ सेंटीमीटरची होती.