सभागृह आणि बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. सरकारला सभागृहात जाब विचारणारे आणि सरकारात बसून जाब देणारे बाबासाहेब मात्र आपल्या मुलांना फारसे परिचित नाहीत.

१९२७ साली ते मुंबई कायदेमंडळाचे नामनियुक्त सदस्य झाले. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विधानसभेत निवडून आले. तेथे त्यांनी खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी औद्योगिक कलह विधेयकाला कडाडून विरोध केला. बहुमत सरकारपक्षाचे होते. विधेयक मंजूर झाले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. हे मंडळ मध्यवर्ती विधिमंडळाला जबाबदार नव्हते. सभागृहात सरकार हरले तरी मंत्र्यांची खुर्ची हलत नसे. हा अनुभव त्यांनी आतून घेतला होता, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे भाषण पुरते उलगडत नाही, असे मला वाटते.

त्या दिवशी घटना समितीपुढे मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकन व ब्रिटिश पद्धतींची तुलना केली. अमेरिकेत सरकार अधिक स्थिर असते, ब्रिटनमध्ये ते अधिक जबाबदार असते. दोन्ही गुण सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. निवडणुकीत मतदार ठरावीक वर्षांनी सरकारची परीक्षा घेतात. परंतु प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना आणि अविश्वासाचा प्रस्ताव यांतून संसद ती रोज घेते. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील, हे अनुच्छेद ७५ मध्ये आले. सरकारला वटहुकूम काढता येतो, पण संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो संपतो, ही मर्यादाही घटनेतच आहे.

कसोटी त्यांच्याच वाट्याला आली. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल चार कलमांनंतर सोडून देण्यात आले. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे सभागृहाला सांगण्याची मंत्र्याची प्रथा होती. ११ ऑक्टोबरला ते निवेदनासाठी उभे राहिले, तेव्हा उपाध्यक्षांनी त्याची प्रत आधी मागितली. सभागृहापुढे बोलण्यापूर्वी आपला मजकूर तपासला जावा, हे त्यांना मान्य नव्हते. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. मंत्रिमंडळ हे आता समित्यांमध्ये आधीच झालेल्या निर्णयांची नोंद करणारे कार्यालय उरले आहे, ही तक्रारही त्यात होती. बिलाच्या दुःखापुढे ती पुष्कळदा झाकली जाते, पण लोकशाहीच्या दृष्टीने ती कमी गंभीर नाही.

१९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले आणि विरोधी बाकांवर बसले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही ते हरले. हिंदू कोड बिलातील तरतुदी १९५५ व १९५६ या वर्षांत चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने मंजूर झाल्या. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले, तेव्हाही ते राज्यसभेचे सदस्य होते.