हेन्री क्रिस्टोफर मॅन्स

सर हेन्री क्रिस्टोफर मॅन्स (६ सप्टेंबर १८४० – २१ एप्रिल १९२६) हे ब्रिटिश विद्युत अभियंते व हेलिओग्राफ या प्रकाशसंदेश यंत्राचे जनक होते. तारेवाचून, केवळ प्रकाशाच्या झोताने मोकळ्या हवेतून संदेश पाठविण्याची व्यवहारोपयोगी पद्धत त्यांनी रूढ केली.

== जीवन ==
मॅन्स यांचा जन्म इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. १८६३ मध्ये ते इराणच्या आखाती तारखात्यात दाखल झाले. आखातातून जाणारी समुद्री तार १८६४ मध्ये टाकण्यात आली. इंग्लंडमध्ये तयार झालेली ही तार शिडाच्या जहाजांतून मुंबईमार्गे नेण्यात आली. त्यांपैकी 'ट्वीड' हे जहाज मुंबईच्याच गोदीत बांधलेले होते. मॅन्स यांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने कराची हे होते. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. समुद्राखालील तारेतील दोषाचे स्थान शोधण्याची त्यांची पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

== हेलिओग्राफ ==
सूर्यप्रकाश आरशाने दूरवर परावर्तित करणारे हेलिओट्रोप हे उपकरण गाउस यांनी १८२१ मध्ये भूमापनासाठी तयार केले होते. मॅन्स यांनी १८६९ च्या सुमारास या तत्त्वाला मोर्स लिपीची जोड दिली. तिपाईवर बसविलेला सुमारे पाच इंच व्यासाचा आरसा कळ दाबताच किंचित कलतो आणि दूरच्या ठाण्यावर प्रकाशाची लहान किंवा लांब चमक दिसते. आरशाच्या मध्यभागी पारा न लावलेला लहान ठिपका असतो. त्यातून पाहून नेम साधला जातो. सूर्य पाठीशी असल्यास दुसरा आरसा वापरतात. स्वच्छ उन्हात सुमारे ८० किलोमीटरपर्यंत संदेश पोहोचत असे. १८९४ मध्ये अमेरिकी सैन्याने सुमारे २९५ किलोमीटरचा पल्ला गाठला.

तारायंत्राची तार शत्रू तोडू शकतो. प्रकाशाचा झोत तोडता येत नाही. तो अरुंद असल्याने रेषेबाहेरच्या माणसाला सहसा दिसतही नाही. म्हणूनच वायव्य सरहद्दीवरील १८७७-७८ ची जोवाकी मोहीम व दुसरे अफगाण युद्ध यांत या यंत्राचा उपयोग झाला. झुलू युद्धात १८७९ मध्ये इशोवे येथे व बोअर युद्धात लेडीस्मिथ येथे वेढ्यात अडकलेल्या सैन्याला बाहेरच्या फौजेशी संपर्क साधण्यासाठी प्रकाशसंदेशच उपयोगी पडले. मात्र रात्री, ढगाळ हवेत व धुळीच्या वादळात यंत्र निरुपयोगी ठरे.

== सन्मान ==
मॅन्स यांना १८८३ मध्ये सी.आय.ई. व १८८५ मध्ये 'सर' हे किताब मिळाले. १८९७ मध्ये ते ब्रिटनच्या विद्युत अभियंता संस्थेचे अध्यक्ष झाले.

== पुढील वाटचाल ==
अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये फोटोफोनद्वारे प्रकाशावरून मानवी आवाज सुमारे २१३ मीटर दूर पाठविला. १९६० मध्ये लेसर अस्तित्वात आला. बारामतीत जन्मलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. २०२१ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने अहमदाबाद येथे मोकळ्या हवेतून ३०० मीटर अंतरावर प्रकाशकणांद्वारे क्वांटम संदेशवहन यशस्वी केले. धुके, ढग व पाऊस यांचा अडथळा मात्र आजच्या लेसर संदेशवहनालाही हेलिओग्राफइतकाच जाणवतो.