सावित्रीमाईंचा बळी घेणाऱ्या प्लेगशी झुंजलेले हाफकिन

झरी जामणी तालुक्यात कापसाच्या शेतात साप चावला, की शेतमजुराला घरचे लोक उचलून सरकारी दवाखान्यात नेतात. तिथे जे औषध टोचले जाते, त्याच्या कुपीवर वर्षानुवर्षे एक नाव छापलेले असायचे, हाफकिन. लेकरांना पाजल्या जाणाऱ्या पोलिओच्या डोसावरही तेच नाव असे. २०१७ नंतर काही वर्षे सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे होती, तेव्हा तर हे नाव वर्तमानपत्रांत सारखे यायचे. पण हे नाव कंपनीचे, गावाचे की माणसाचे, असे विचारले तर शिकलेली मंडळीही गप्प बसतात. वाचकहो, हे नाव एका माणसाचे आहे. जन्माने ज्यू म्हणून स्वतःच्या देशात ज्याला दरवाजे बंद झाले, त्या माणसाचे. आणि ज्या प्लेगने क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांना आपल्यातून नेले, त्या प्लेगवरची माणसाला टोचता येईल अशी पहिली लस त्यांनी आपल्या मुंबईत तयार केली.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. त्या वेळी तिथे रशियाच्या झारचे राज्य होते. झारच्या राज्यात ज्यूंनी कुठे राहायचे, कोणता धंदा करायचा, किती शिकायचे, यावर बंधने होती. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ज्यूंच्या वेगळ्या, कोंडलेल्या वस्तीला युरोपात घेट्टो म्हणत. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरच्या आपल्या एका अपूर्ण ग्रंथाच्या शीर्षकातच हा शब्द घेतला, तो उगाच नाही. महारवाडा आणि घेट्टो यांत फरकही आहेत आणि बाबासाहेबांनी ते बारकाईने मांडले आहेत, पण वेशीबाहेरच्या माणसाला वेशीबाहेरचा माणूस कळतो.

ओडेसाच्या विद्यापीठात हाफकिन प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू एली मेचनिकॉफ पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. १८८१ साली झारची हत्या झाली आणि नेहमीप्रमाणे राग निघाला ज्यूंवर. वस्त्या लुटल्या गेल्या, माणसे मारली गेली. ज्यू तरुणांनी स्वसंरक्षणासाठी दल उभारले. त्यात विद्यार्थी हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडले गेले आणि मेचनिकॉफ यांच्या खटपटीने सुटले. त्यानंतर पोलिसांची पाळत कायमची मागे लागली.

शिक्षण झाले, गुणवत्ता होती, पण विद्यापीठात जागा नव्हती. जागा मिळेल, मात्र आधी ज्यू धर्म सोडून राज्याचा ख्रिस्ती धर्म स्वीकारा, असा मार्ग त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. हाफकिन यांनी तो नाकारला. इथे आपला वाचक थोडा अडखळेल. कारण आपल्या बापाने १९५६ साली नागपुरात लाखोंना सोबत घेऊन धर्म बदलला आणि आपण तो दिवस सणासारखा पाळतो. मग धर्म न बदलणाऱ्याचे कौतुक का करायचे? बाबासाहेबांनी धर्म सोडला तो स्वाभिमानासाठी, एकवीस वर्षे विचार करून आणि कुणाच्या नोकरीची, पदाची लालूच न धरता. हाफकिन यांना धर्म सोडायला सांगितले जात होते ते नोकरीच्या बदल्यात आणि मान खाली घालून. त्यांचा नकार त्याच स्वाभिमानातून आलेला आहे. मग हा पदवीधर संग्रहालयात छोटे काम करत राहिला आणि १८८८ साली देश सोडून जिनिव्हाला गेला.

तिथून १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर संस्थेत पोहोचले. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून ग्रंथपालाच्या हाताखाली काम धरले. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा क्रम. पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने तेव्हा युरोप आणि आशिया दोन्ही हैराण होते. हाफकिन यांनी पटकीवर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचली. ताप आला, उतरला, माणूस जगला. ज्या रशियाने हाकलले त्या रशियालाही त्यांनी ही लस देऊ केली, पण ती घेतली गेली नाही. पॅरिसमधले इंग्रजांचे राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यात उतरले.

पुढची दोन-अडीच वर्षे हा माणूस उत्तर हिंदुस्थानात आणि बंगाल-आसामात फिरला. चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी पटकीची लस टोचली. कलकत्त्याच्या गरीब वस्तीत सुरुवातीला लोकांनी दगड मारले. तेव्हा सोबतच्या डॉक्टरांनी लोकांसमोर आधी स्वतःला टोचून घेतले, मग लोक पुढे आले. आसामच्या चहामळ्यांतले मजूर, त्यांतले कितीतरी छोटा नागपूरहून नेलेले आदिवासी, त्यांनाही लस मिळाली. मलेरियाने पार खंगल्यावर हाफकिन १८९५ मध्ये युरोपात परतले आणि बरे वाटताच १८९६ मध्ये पुन्हा आले.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. गोदामे, चाळी, अंधाऱ्या खोल्या, एकेका खोलीत दहा-दहा माणसे. प्लेगला आणखी काय हवे होते? लाखो लोक शहर सोडून पळाले. सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले आणि दिले काय, तर ग्रँट मेडिकल कॉलेजात एक छोटी खोली, व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

ती कशी केली, हे सांगण्यासारखे आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचे सूप लागते. युरोपात ते गाईच्या मांसाचे करत. इथे तसे केले असते तर लस टोचण्याआधीच दंगल झाली असती, म्हणून त्यांनी शेळीचे मांस वापरले. सुपावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्या थेंबांखाली जंतूंची वाढ झुंबरासारखी लोंबते, हे त्यांच्या लक्षात आले. असे भरपूर वाढवलेले जंतू मग उष्णता देऊन मारायचे. मेलेले जंतू शरीरात गेले की रोग होत नाही, पण शरीर रोगाशी लढायला शिकते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांना दिली जाणार होती त्यापेक्षा मोठ्या मात्रेत.

आता तारखांकडे पाहा. १० जानेवारीला मुंबईत लस तयार झाली. ९ फेब्रुवारीला त्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे, राष्ट्रपिता जोतीरावांचे बिनीचे शिलेदार, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेले. आणि १० मार्चला पुण्यात सावित्रीमाई गेल्या. डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या पोराला प्लेग झाल्याचे कळले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या माईंनी त्याला पाठीवर घेऊन तिथे आणले. पोरगा वाचला, माई गेल्या. अस्पृश्याच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्या त्या पुण्यात अस्पृश्याचे लेकरू पाठीला बांधून धावणारी ती एक बाई! मुंबईतली लस अजून गावोगाव पोहोचायची होती. साठ दिवसांत सत्यशोधक चळवळीचे असे दोन खांब पडले. पुढे १९०५ मध्ये डॉ. यशवंतही प्लेगनेच गेले.

पुण्याच्या प्लेगचा इतिहास शाळेत शिकवला जातो तो रँडचा आणि चापेकरांचा. गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, बायकांची विटंबना केली, हे खरे आहे आणि ते संतापजनकच होते. पण त्याच साली, त्याच रोगात कोण माणसे मारत होते एवढेच पोरांना पाठ आणि कोण माणसे वाचवत होते ते धड्याबाहेर, हे गणित कुणी मांडले, याचा विचार वाचकांनीच करावा.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी तयार झालेल्या कैद्यांना लस दिली आणि उरलेल्यांशी तुलना केली. लस न घेतलेल्यांत रोगी आणि मृत्यू जास्त निघाले. शास्त्राच्या दृष्टीने हा मोठा पुरावा ठरला. मात्र तुरुंगातला कैदी हो म्हणतो तेव्हा ते कितपत मनापासूनचे असते, हा प्रश्न आज विचारायला हवा. गरिबाचे शरीर प्रयोगाला नेहमीच स्वस्त मिळत आले आहे. हाफकिन यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते, की त्यांनी सुई आधी स्वतःला टोचली होती.

लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, टोचल्यावर ताप यायचा, हात सुजायचा. पण रोग होण्याचे आणि मरण्याचे प्रमाण तिने खूप खाली आणले. दमण, हुबळी, धारवाड इथे ते दिसून आले. आगाखान यांनी स्वतः चारचौघांत टोचून घेतले, आपल्या लोकांना टोचून घ्यायला लावले आणि प्रयोगशाळेला जागाही दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये गेली. गव्हर्नर जिथे मेजवान्या देत तिथे आता लसीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. लाखोंनी बाटल्या देशभर गेल्या. तरीही पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे मेली, इतका तो भयंकर होता.

मग आले मुलकोवाल. पंजाबातले हे एक गाव. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले, ते सगळे धनुर्वाताने मेले. बाकीच्यांना काही झाले नाही. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले गेले, हे पुढे स्पष्ट झाले. पण चौकशी आयोगाने ठपका ठेवला मुंबईच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिडची जुनी रीत सोडून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली, हा त्यांचा गुन्हा ठरला. त्यांना कामावरून दूर केले गेले. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. इंग्रज नव्हते, त्यातून ज्यू होते. इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत ते आधीपासूनच खुपत होते. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवले होते. हाफकिन यांच्या प्रकरणाला पुढे छोटे ड्रायफस प्रकरण म्हटले गेले.

आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात, ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या डोसाऐवजी बारा लेकरांना सॅनिटायझर पाजले गेले होते. लेकरे वाचली, हे नशीब. कारवाई झाली ती गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांवर. मुलकोवालला चूक खाली झाली आणि शिक्षा वरच्या परक्याला मिळाली. आपल्याकडे चुकीची फिर्याद बहुधा सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन थांबते. दोन्ही ठिकाणी नुकसान मात्र एकच झाले, लोकांचा लसीवरचा विश्वास डळमळला. त्याच वर्षी करोनाची लस घेऊन कोलाम पोडांवर जाणाऱ्या परिचारिकांना आणि आशाताईंना घरोघर जी विनवणी करावी लागली, तिची कल्पना झरी जामणीच्या वाचकाला वेगळी द्यायला नको.

हाफकिन यांच्या बाजूने शेवटी शास्त्रज्ञ उभे राहिले. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस त्यांत पुढे होते. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून दोष मुलकोवालमध्येच घडल्याचे दाखवले आणि वर्षअखेर सरकारने हाफकिन यांना निर्दोष मानले. पण गेलेली पाच वर्षे कोण परत देणार? परळची प्रयोगशाळा, जी त्यांनी उभी केली होती, ती दुसऱ्याच्या हाती गेली होती. त्यांना कलकत्त्यात बसवले गेले आणि माणसांवर लसीचे नवे प्रयोग करण्याची मुभा मिळाली नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात परतले.

मुंबईवर प्लेगने आणखी एक खूण ठेवली. दाट वस्त्या मोडून नव्या चाळी बांधण्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच ट्रस्टच्या परळमधल्या बीआयटी चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, बाबासाहेब सुमारे वीस वर्षे राहिले. महाडच्या चवदार तळ्याकडे ते निघाले तेव्हा त्यांचा पत्ता तोच होता. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, तेव्हाही बाबासाहेब त्याच परळमध्ये होते.

उतारवयात हाफकिन कट्टर धार्मिक झाले. फुले-आंबेडकरी वाचकाला हे रुचणार नाही, मलाही रुचत नाही. जंतूंशी लढलेल्या बुद्धीने पोथीकडे का वळावे? १९२९ साली त्यांनी आपली कमाई पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली, त्यात विज्ञान आणि हातचा धंदाही शिकवला जावा अशी इच्छा धरून. लग्न केले नव्हते, मागे कुणी नव्हते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले. दहा-बारा वर्षांतच हिटलरच्या सैन्याने पोलंड-लिथुआनियातल्या त्या शाळा आणि त्यांतली मुले दोन्ही संपवली. परळची इमारत उभी राहिली. १९६४ साली भारत सरकारने हाफकिन यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.