संगीतास प्रतिष्ठा मिळवून देणारे गायनाचार्य : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

आपल्या मंडळाच्या नवी मुंबईतील सभासद-कुटुंबांत सायंकाळच्या वेळी जाण्याचा योग आला, तर कोठे पेटीचे सूर, कोठे तबल्याचे बोल, तर कोठे एखाद्या मुलीने लावलेला भूप सहज कानी पडतो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांची नावे तर आता शाळेच्या इयत्तांइतकीच आपल्या तोंडी बसली आहेत. या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय आपल्याच शहरात, वाशी येथे आहे. परंतु या साऱ्याच्या मुळाशी ज्या पुरुषाचे आयुष्य झिजले, त्याचे चरित्र आपल्या मुलांस क्वचितच ठाऊक असते. म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. त्यामुळे ताल, अभंग आणि आख्यान यांचे संस्कार त्यांच्यावर घरातच झाले. मुलाने शिकून मोठे व्हावे, ही पित्याची इच्छा असणार. पण लहानपणीच शोभेच्या दारूचा भडका होऊन विष्णूचा चेहरा भाजला व दृष्टी जवळजवळ गेली. शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला. कंठ मात्र गोड होता. मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय मिळून हा मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे मोठे श्रेय बाळकृष्णबुवांकडे जाते. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे हस्सूखाँसाहेबांचे शिष्य. मुसलमान उस्ताद आणि मराठी कीर्तन या दोन्ही धारा अशा रीतीने एका अंध विद्यार्थ्याच्या ठायी एकत्र आल्या.

मिरजेतील एका प्रसंगाने त्यांच्या आयुष्यास वळण लागले, असे सांगतात. गावातील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुबुवांस आले, कारण ते संस्थानिकांच्या मर्जीतील होते. परंतु त्यांच्या गुरूंस ते नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, की गवयास प्रतिष्ठितांच्या पंक्तीस बोलावण्याचा प्रघातच नाही. त्या काळी गाणे रसिकतेने ऐकले जाई, गाणाऱ्यास बिदागीही मिळे, पण त्यास मानाचे पान मिळत नसे. कुलीन घरातील मुलाने गाणे शिकणे म्हणजे वाया जाणे, आणि मुलीने शिकणे तर कल्पनेच्याही पलीकडचे. हा कलंक पुसावयाचा, असा निश्चय करून १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असा त्यांचा प्रवास झाला. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते, परंतु तिचा अर्थ मोठा होता. दरबाराच्या मर्जीवर जगणारे गाणे सामान्य श्रोत्याच्या आण्यांवर उभे राहू शकते, हे त्यातून दिसले. पुढे ५ मे १९०१ रोजी, आप्तस्वकीयांपासून शेकडो कोस दूर असलेल्या लाहोर शहरात, त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. आरंभी कित्येक दिवस विद्यार्थीच फिरकले नाहीत आणि बुवा एकटेच नेमाने बसून तंबोरा छेडीत, अशी आठवण सांगितली जाते. हळूहळू विद्यार्थी आले. ठरलेली वेळ, नेमलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलेखन, परीक्षा ही सर्व शिस्त गाण्यास लागली. स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. निवडक शिष्यांस ठराविक वर्षे जवळ ठेवून, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार सोसून, गावोगाव शिकविण्यास योग्य असे उपदेशक घडविण्यात आले.

१९०८ मध्ये मुंबईस विद्यालय निघाले आणि पुढे त्याची स्वतंत्र इमारतही उभी राहिली. त्याचबरोबर देशातील घडामोडींतही त्यांच्या गाण्यास स्थान मिळाले. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी मंडपातील संगीतास हरकत घेतली असताही त्यांनी गाणे थांबविले नाही. रघुपति राघव या रामधुनीची त्यांच्या नावाशी जोडलेली चाल १९३० च्या दांडीयात्रेत गायली गेली. दरबारातून सुटलेले गाणे अशा रीतीने रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या ओठी आले.

परंतु व्यवहार त्यांस साधला नाही. इमारतीचे कर्ज फिटेना, आणि अखेर तिचा लिलाव झाला. ज्या वास्तूसाठी गावोगाव जलसे केले, ती डोळ्यांदेखत नाही तरी कानांदेखत गेली. घरीही दुःखाचे आघात झाले. अनेक अपत्ये बालपणीच दगावली. उत्तरायुष्यात ते नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात रामभक्तीत रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. पुत्र दत्तात्रेय तेव्हा अवघ्या दहा वर्षांचे होते. तेच पुढे द. वि. पलुस्कर म्हणून विख्यात झाले व १९५५ मध्ये अकाली गेले.

इमारत गेली, पण माणसे उरली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर असे शिष्य मागे होते. त्यांनी व त्यांच्या गुरुबंधूंनी १९३१ मध्येच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. वाशीचे कार्यालय हे त्याच वृक्षाची सावली होय.

या कार्यास एक दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे उचित नव्हे. गाणे कुलीन घरांत यावे म्हणून त्यांनी बंदिशींतील शृंगारिक शब्द गाळून भक्तिपर शब्द घातले. ज्या कलावंतिणींनी आणि उस्तादांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपली, त्यांचे ऋण मात्र या नव्या प्रतिष्ठेच्या भरात समाज विसरू लागला. दोष एकट्या बुवांचा नव्हे. पण विद्या घेतली आणि देणाऱ्यास दाराबाहेर ठेवले, तर मिरजेच्या त्या समारंभात आणि आपल्यात अंतर ते काय राहिले?

आपल्या संमेलनांत, विवाहसमारंभांत, गणेशोत्सवांत गायक-वादक येतात. पाहुण्यांच्या गप्पा चालू असतात, गाणे एका कोपऱ्यात चाललेले असते, आणि पंगत बसते तेव्हा तबलजीने जेवण केले की नाही, हे कोणी पाहत नाही. मुलांस विशारद करण्याची हौस स्तुत्य खरीच. परंतु पुढील संमेलनात गाणाऱ्यांस प्रथम पंक्तीस सन्मानाने बसविण्याचा परिपाठ आपण पाडला, तर मिरजेतून एका अंध तरुणाने मनात बाळगून नेलेले शल्य आपल्यापुरते तरी दूर होईल. त्यांच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन दुसरे कोणते असणार?