मिठाच्या खड्याचे अंतरंग उलगडणारा शास्त्रज्ञ

खारदांड्याच्या कोळीवाड्यात मासळी खारवायला जे मीठ लागते, त्याच्या खड्यात अणू कसे रचलेले असतात हे जगाला प्रथम दाखवून दिले ते सर विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८९० रोजी ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे झाला. वडील विल्यम हेन्री ब्रॅग तेथील विद्यापीठात प्राध्यापक होते. बालपणी लॉरेन्स यांच्या कोपराचे हाड मोडले, तेव्हा वडिलांनी नव्यानेच शोध लागलेल्या क्ष-किरणांनी ते तपासले. समुद्रकिनारी शिंपले वेचण्याचा लॉरेन्स यांना छंद होता. त्यांना सापडलेल्या माकुळाच्या एका नव्या जातीला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

१९१२ मध्ये जर्मनीत माक्स फॉन लावे यांच्या कल्पनेनुसार स्फटिकातून क्ष-किरण सोडले असता ठिपक्यांची नक्षी उमटली. तिचा सोपा अर्थ केंब्रिजमधील २२ वर्षांच्या लॉरेन्स यांनी लावला. अणूंचे समांतर थर आरशांप्रमाणे किरण परतवतात. त्यांच्या लहरी ठरावीक कोनांतच एकमेकींना बळ देतात आणि त्यावरून थरांमधील अंतर मोजता येते. १९१३ मध्ये मिठाची रचना उलगडली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरिन व प्रत्येक क्लोरिनभोवती सहा सोडियम असतात. दोघांची स्वतंत्र जोडी तेथे नसतेच. काही रसायनशास्त्रज्ञांना हे पचनी पडायला बराच काळ लागला.

वडील नामवंत असल्याने शोधाचे श्रेय अनेकदा त्यांच्याकडे जाई. ही सल लॉरेन्स यांना दीर्घकाळ जाणवली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या आवाजावरून शत्रूच्या तोफांची जागा हुडकण्याचे काम ते करीत होते. सप्टेंबर १९१५ मध्ये धाकटा भाऊ रॉबर्ट गॅलिपोलीच्या लढाईत मृत्युमुखी पडला. त्यानंतर काही आठवड्यांतच पितापुत्रांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. तेव्हा लॉरेन्स २५ वर्षांचे होते. विज्ञानातील सर्वांत तरुण नोबेल मानकरी आजही तेच आहेत.

१९३८ मध्ये ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५३ मध्ये, तेथे वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. १ जुलै १९७१ रोजी ब्रॅग यांचे निधन झाले.

२००९ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे क्ष-किरण लेसर सुरू झाला. त्याचे झोत काही फेम्टोसेकंद टिकतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग. हा प्रखर झोत अणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावतो, अणू एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि स्फटिकाची शिस्त मोडते. रचना विस्कटण्यापूर्वीच तिचे ठिपके टिपावे लागतात. त्या ठिपक्यांचा अर्थ मात्र आजही ब्रॅग यांच्याच नियमाने लावला जातो.