हेलेना ब्लाव्हाट्स्की

हेलेना पेट्रोव्हना ब्लाव्हाट्स्की (१२ ऑगस्ट १८३१ – ८ मे १८९१) या रशियन लेखिका व थिऑसॉफिकल सोसायटीच्या सहसंस्थापिका होत्या. कर्म, पुनर्जन्म आदी भारतीय संकल्पना युरोपातील वाचकांपर्यंत पोहोचविण्यात त्यांच्या ग्रंथांचा मोठा वाटा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात उदयास आलेल्या अमूर्त चित्रकलेवरही या विचारांचा प्रभाव पडला.

जीवन

ब्लाव्हाट्स्की यांचा जन्म रशियन साम्राज्यातील येकातेरिनोस्लाव (सध्याचे युक्रेनमधील द्निप्रो) येथे झाला. १८७५ मध्ये न्यू यॉर्क येथे कर्नल हेन्री ऑल्कट, विल्यम जज आदींसह त्यांनी सोसायटीची स्थापना केली.

मुंबईतील वास्तव्य

फेब्रुवारी १८७९ मध्ये ब्लाव्हाट्स्की व ऑल्कट मुंबईत आले आणि गिरगावात राहू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द थिऑसॉफिस्ट' हे इंग्रजी मासिक मुंबईतून सुरू झाले. तुकारामांच्या गाथेचे एक प्रकाशक तुकाराम तात्या पडवळ हे त्यांच्या येथील सहकाऱ्यांपैकी होते. आर्य समाजाशी असलेले सोसायटीचे संबंध १८८२ मध्ये तुटले. त्या वर्षाच्या अखेरीस सोसायटीचे मुख्यालय मद्रासजवळील अड्यार येथे हलविण्यात आले.

वाद

गूढ महात्म्यांकडून आपल्याला पत्रे येतात, असा ब्लाव्हाट्स्की यांचा दावा होता. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेच्या १८८५ च्या अहवालाने तो फसवा ठरविला. १९८६ मध्ये त्याच संस्थेच्या नियतकालिकातील लेखात या अहवालाच्या पद्धतीवर टीका झाली. १८८५ मध्येच ब्लाव्हाट्स्की यांनी भारत कायमचा सोडला. 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' (१८८८) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. लंडन येथे त्यांचे निधन झाले.

चित्रकलेवरील प्रभाव

दृश्य जग हे सूक्ष्म सत्याचे केवळ बाह्य रूप आहे, हा विचार त्यांच्या लेखनात वारंवार येतो. वस्तूंची प्रतिकृती सोडून रंग, रेषा व आकार यांकडे वळणाऱ्या चित्रकारांना त्यातून तात्त्विक आधार मिळाला. पीट मोंद्रियान १९०९ मध्ये सोसायटीच्या डच शाखेचे सभासद झाले. त्यांच्या 'इव्होल्यूशन' (१९१०–११) या त्रिखंडी चित्रात हा प्रभाव स्पष्ट दिसतो. वासिली कांदिन्स्की यांनी कलेतील आत्मिकतेविषयीच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ब्लाव्हाट्स्की यांचा उल्लेख केला आहे. स्वीडिश चित्रकर्त्री हिल्मा आफ क्लिंट यादेखील थिऑसॉफीच्या अभ्यासक होत्या.

तथापि, या कलावंतांपर्यंत पोहोचलेली थिऑसॉफी म्हणजे वेदान्त व बौद्ध विचारांचे पाश्चात्त्य गूढवादाशी झालेले मिश्रण होते. त्यामुळे हा प्रभाव मूळ भारतीय दर्शनांचा थेट प्रभाव मानता येत नाही.