इतिहासाचार्य राजवाडे : प्लेटोपासून श्वेतकेतूपर्यंत

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील वरसई येथे झाला. १८९० मध्ये ते बी. ए. झाले. पत्नी अल्पवयात निवर्तल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही; उर्वरित आयुष्य विद्येच्या व्यासंगातच गेले. परभाषांतील ग्रंथ मराठीत आणण्यासाठी त्यांनी ‘भाषांतर’ हे मासिक काढले आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे मराठी रूपांतर स्वतः केले. त्यांच्या चरित्रात या गोष्टीचा उल्लेख बहुधा ओझरता येतो. तुलनात्मक अभ्यासकाने मात्र येथे थांबणे इष्ट आहे.

ख्रिस्तपूर्व ग्रीसच्या या ग्रंथात दोन विचार शेजारी नांदतात. देवांच्या पितृद्रोहाच्या व कलहाच्या ज्या कथा होमर-हेसिअड यांनी सांगितल्या, त्या खऱ्या असल्या तरी तरुणांच्या कानी पडू नयेत, हा एक. रक्षकवर्गात स्त्रिया व संतती सामाईक असावी, हा दुसरा. पुढे राजवाड्यांनी पहिला विचार आपल्या आचरणाने झिडकारला आणि दुसऱ्याशी नाते सांगणाऱ्या प्रथांचा माग आपल्याच पूर्वजांत काढला.

१८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. एकूण बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून त्यांनी अस्सल पत्रे मिळविली आणि बखरींपेक्षा समकालीन कागदाला अधिक मान दिला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली.

हीच निर्भीड दृष्टी त्यांनी वेद-महाभारतांकडे वळविली, तेव्हा वादळ उठले. आदिपर्वात उद्दालकपुत्र श्वेतकेतूची कथा आहे : त्याच्यापूर्वी स्त्रिया एका पतीशी बांधलेल्या नव्हत्या, ती मर्यादा त्याने घातली. राजवाड्यांनी अशा कथा रूपक म्हणून न सोडता लुप्त समाजस्थितीचे अवशेष म्हणून वाचल्या. १९२३ मध्ये या लेखनाचा आरंभीचा भाग ‘चित्रमयजगत्’मध्ये येताच वाचकवर्ग प्रक्षुब्ध झाला. ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ पुढे श्रीपाद अमृत डांगे यांच्या पुढाकाराने ग्रंथरूपाने निघाला.

युरोपातही बाखओफेनने १८६१ मध्ये ग्रीक पुराणकथा व नाटके यांतून मातृसत्तेचा शोध घेतला होता. १८८४ मध्ये एंगल्सने कुटुंबसंस्थेच्या उगमावर लिहिताना त्याची दखल घेतली. परंतु युरोपीय वाचक आणि ते मूर्तिपूजक पूर्वज यांच्यामध्ये ख्रिस्ती धर्माची दीर्घ शतके उभी होती. झ्यूस कोणाच्या देवघरात नव्हता. येथे ऋषींची नावे गोत्रप्रवरात रोज उच्चारली जात होती. म्हणून तेथे जो पांडित्याचा विषय ठरला, तो येथे घरच्या अब्रूचा प्रश्न झाला.

राजवाडे निर्दोष नव्हते. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती टिकल्या नाहीत. चातुर्वर्ण्याचा अभिमान त्यांच्या निष्कर्षांत डोकावे; कायस्थ प्रभूंविषयीच्या त्यांच्या लेखनाला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून तिखट उत्तर दिले. इतरांच्या जखमेविषयी ते बेफिकीर राहिले, हे नमूद केलेच पाहिजे. पण ते उत्तर ग्रंथाला ग्रंथाने दिलेले होते, हेही विसरता येत नाही.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा कागदपत्रांचा संग्रह तेथील राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळला. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात इतिहासलेखनाच्याच वादातून भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि पोथ्यांची नासधूस झाली, तेव्हा या चरित्राचा अर्थ नव्याने उमगला. पूर्वजांविषयी काय लिहावे, यावर मतभेद राहणारच. मात्र ज्या कागदांच्या आधारे तो वाद मिटू शकेल, ते कागदच नष्ट झाले तर दोन्ही पक्षांच्या हाती काहीच उरत नाही.

— तेलीबांधा, रायपूर